मैनामायचं विरजण

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर तरीवाल्याची मनधरणी करावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कातळवेळच्या किनाऱ्यावर एका सकाळी वाळक्या भोपळ्याचा एक मोठा तुंबा वाहत आला, आणि त्या तुंब्याला मिठी मारून एक पोर आली. वय असेल बारा-तेरा. काळीभोर, दाट कुरळ्या केसांची, ओठ मिठानं फुटलेले. समुद्रापलीकडच्या हबशांच्या मुलखातून माणसं विकायला आणणारं गलबत दूर कुठं खडकावर फुटलं होतं, त्यातली ही एकटी वाचली. तीन दिवस तुंब्यानं तिला बुडू दिलं नाही, असं म्हणतात. खरं-खोटं समुद्राला ठाऊक.

भागा कोळीण मासळी वाळत घालत होती. तिनं पोरीला उचलून घरी नेलं, कोमट पेज पाजली. गळ्यातला तुंबा काढायला गेली तर पोर सोडेना. "राहू दे गो," भागा म्हणाली, "तुझा हाय तो तुझाच." एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण एवढं कळलं. पोरीनं नाव सांगितलं मैमूना. कातळवेळच्या जिभांना ते पेलवेना, म्हणून आम्ही तिला मैना केलं. पुढे मैनामाय.

तुंब्यात काय असेल यावर गावानं चार दिवस तर्क लढवले. सोनं असणार, असं सगळ्यांचं ठरलं. आमच्या गावाला दुसऱ्याच्या गाठोड्यात नेहमी सोनंच दिसतं. निघालं काय, तर मूठभर काळ्या बिया आणि तळाला चिकटलेला वाळका साका.

तो साका म्हणजे मैनाच्या आईचं विरजण. आईचं नाव सुबीरा. त्यांच्या गावात एका प्रचंड झाडाची फळं फोडून, आतला पांढरा गर पाण्यात कालवून, गाळून आंबवत. दोन दिवसांनी मडक्यातलं पाणी गुणगुणायला लागे. मग ते प्यायचं. आंबट, थंड, जिभेवर किंचित चावणारं. गावावर धाड पडली तेव्हा सुबीरानं तुंबा लेकीच्या गळ्यात अडकवला आणि तिला पळ म्हणाली. लेक पळाली, पण फार लांब पळता आलं नाही.

मैनानं बिया भागाच्या परसात पेरल्या. झाड आलं, ते भलतंच. खोड रांजणासारखं, फांद्या मुळांसारख्या. "उलटं लावलंस गो!" म्हणून बायका तिला चिडवायच्या. हीच आमची गोरखचिंच. ती फळाला यायला माणसाचं अर्धं आयुष्य घेते, पण ही सातव्या वर्षी फळली, असं म्हणतात. तोवर मैनानं आईचं विरजण करवंदांवर जगवलं, जांभळांवर जगवलं, काजूच्या बोंडांवर जगवलं. एक दिवस उपाशी ठेवलं नाही.

आणि पहिल्या फळांचं मडकं गुणगुणायला लागलं, तेव्हा मैनानं त्याला कान लावला आणि रडू लागली. भागा घाबरली. मैना म्हणाली, "आय बोलते आत. तिचा चेहरा मला आठवत नाय आता. आवाज तेवढा यात हाय."

गावात त्या पेयाला 'मायचं आंबट' म्हणू लागले. जरीमरीच्या साली, पोटात पाणी ठरत नव्हतं तेव्हा, मायचं आंबट ठरलं. मैना घरोघर वाटी घेऊन फिरली. त्या साली कातळवेळमध्ये एकही पाळणा रिकामा झाला नाही, असं म्हणतात. मग ज्या बाईनं मागितलं तिला मैनामाय विरजण देऊ लागली. त्याची रीत एकच होती. घेणारीनं मोठ्यानं म्हणायचं, "सुबीराचं मैनेला, मैनेचं मला." आणि पुढे कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. "थोडं जपून ठेव हां," मैनामाय प्रत्येकीला सांगायची.

फक्त खोतांच्या घरी ते चालत नसे. खोतांची आई, सगळं गाव तिला काकी म्हणे, सोवळ्याची फार कडक. तिच्या सावलीला मांजरसुद्धा जरा अंतर राखून बसायचं. तिची सून बाळंत झाली, काही पोटात राहीना. तिनं चोरून मागच्या दारानं मायचं आंबट आणवलं आणि ती उठून बसली. काकीला मडकं सापडलं. "कोण कुठली, तिच्या हातचं माझ्या घरात?" असा आवाज वाडीभर गेला, आणि त्यामागोमाग पायरीवर मडकं फुटल्याचा आवाज. तेव्हापासून काकी मैनामायच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावायची. अकरा वर्षं लावला.

मग ते उधाण आलं. ज्येष्ठाची अवस होती. खाडी बांध ओलांडून आत आली आणि मैनामायच्या झोपडीची भिंत घेऊन गेली. झाड वाचलं, माणसं वाचली. पण सगळी मडकी खाऱ्या पाण्यानं भरली आणि तुंबा फुटला. विरजण मेलं.

मैनामाय म्हणाली, काळजी नाही, गावात आहे. ती पहिल्या घरी गेली. तिथं सुनेनं मडकं घासून टाकलेलं. दुसऱ्या घरी बुरशी आलेली. तिसऱ्या घरी म्हणाले, "माय, तुझ्याकडं असतंच की, म्हणून आम्ही ठेवलं नाय." चौथ्या घरीही तेच, आणि पुढेही तेच. दारात विहीर असली की घरात पाणी भरून ठेवायचा कंटाळा येतो माणसाला. चाळीस घरांना दिलेलं विरजण चाळीसही घरांत नव्हतं.

मैनामाय परत आली आणि झाडाच्या बुंध्याला टेकून बसली. जेवेना. रिकाम्या मडक्याला कान लावून बसे. गावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी भागा तिचे पाय चेपत म्हणायची, "आमचं चुकलं गो बाय." मैनामाय एवढंच म्हणाली, "आय दुसऱ्यांदा गेली."

नवव्या दिवशी, भर दुपारी, साऱ्या गावादेखत काकी खोतांच्या घरातून बाहेर पडली. कमरेवर मडकं. केळीच्या पानानं झाकलेलं. जी कोळीवाड्यातून पदर नाकाला लावून जायची ती उघड्या तोंडानं चालत आली, आणि झाडाखाली तिनं मडकं उतरवलं.

"मैने, ऊठ. विरजण आणलंय."

मैनामायला खरं वाटेना. "काकी, तुम्ही तर फोडलंत."

"रिकामं फोडलं," काकी म्हणाली. "गावाला आवाज ऐकवायचा होता, तो ऐकवला. हे सोवळ्याच्या फळीवर ठेवलं होतं, अकरा वर्षं करवंदं-बोंडं घालून जगवलं. माझ्या घरात तिथं हात लावायची छाती आहे कुणाची?"

"पण का, काकी?"

काकी खाली बसली. तिला असं जमिनीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "फोडायला उचललं तेव्हा कानाशी आलं. आत माझी आई बोलत होती गो. आठ वर्षांची होते मी, लग्न करून घाटावरून इथं आणली. परत गेले नाही. आई गेल्याचं सहा महिन्यांनी कळलं, तेव्हा अंघोळ केली आणि स्वयंपाकाला लागले. ती मला ठकू म्हणायची. त्या मडक्यात कुणी ठकू म्हणालं, मग कसं फोडू, सांग."

मैनामायनं तिचा हात धरला. काकीनं सोडवून घेतला नाही. मग अकरा वर्षांपूर्वी म्हणायचं राहिलेलं काकी साऱ्या गावापुढे म्हणाली, "सुबीराचं मैनेला. मैनेचं ठकूला. ठकूचं परत मैनेला."

दोघींनी मडक्याला दोन बाजूंनी कान लावले. मडक्यानं एकाच वेळी दोन भाषांत हाका मारल्या, आणि दोघींनी एकदमच ओ दिली, असं म्हणतात. खरं-खोटं त्या दोघींना ठाऊक.

आता दोघीही नाहीत. झाड आहे. दहा माणसांच्या कवेत मावत नाही. दर चैत्रात फळं उतरवली की कातळवेळच्या बायका एकमेकींना विरजण देतात. आधी खोतांच्या पायरीवर एक रिकामं मडकं फोडतात, आणि पोरं हसतात. मग नावं घेतात. सुबीराचं मैनेला, मैनेचं ठकूला, आणि तिथून पुढे आजवरच्या साऱ्या जणींची. यादी फार लांबली आहे, म्हाताऱ्यांना मध्येच दम लागतो, पण एकही नाव गाळत नाहीत. सुबीरा कुठल्या गावची, आम्हाला ठाऊक नाही. तिनं ही खाडी कधी पाहिली नाही. तिची लेक जगली की बुडाली हेही तिला कधी कळलं नसेल. पण इथं पहिलं नाव तिचंच असतं.

आणि त्या साली गावात कुणी नवी सून आली असेल, तर पहिलं मडकं गुणगुणायला लागलं की तिला त्याच्यापाशी एकटीला बसवतात आणि दार ओढून घेतात. ती बाहेर आली की तिच्या हातात वाटी देतात. काय ऐकलंस, असं कुणी विचारत नाही.