गाळलेली ओळ

“...आणि ते तीन दिवस?” शांतवनबुवांनी विचारलं.

“कुठले तीन दिवस?”

“आईबाप त्याला शोधत हिंडले ते.”

कृपानंदने वही चाळली. “आहेत ना, बुवा. अर्धी ओवी आहे त्यांच्यावर.”

“आणि मंदिरातल्या चर्चेवर?”

“बेचाळीस.”

बुवांच्या पुढ्यात हरभऱ्याचे हिरवे घाटे होते. ते सोलत राहिले.

शांतवनबुवा म्हणजे ख्रिस्ती कीर्तनकार. नगरकडच्या मंडळींना हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांना सांगितलेलं बरं. वीणा तीच, झांजा त्याच, आधी पूर्वरंग मग उत्तररंग, सगळं तसंच. आख्यान तेवढं शुभवर्तमानातलं.

नाताळानंतरच्या रविवारी तालुक्याच्या चर्चमध्ये बुवांचं कीर्तन व्हायचं, ही चाळीस वर्षांची रीत. दोन वर्षांपूर्वी बुवांचा आवाज बसला तो उठलाच नाही. गेल्या साली आणि त्याच्या आदल्या साली त्यांनी कुजबुजत का होईना, पार पाडलं. यंदा मात्र कीर्तन कृपानंदने करायचं असं ठरत आलं होतं. बुवांनी आख्यान पास केलं तर. त्या रविवारी जो उभा राहील, त्याच्याकडे बुवांची वीणा जाणार. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे धरून चालले होते. कृपानंद तर फारच धरून चालला होता.

चार वर्षं तो बुवांकडे होता. त्याआधी दोन वर्षं नगरच्या सेमिनरीत, पाळकाचं शिक्षण घेत. तिथलं अर्धं ग्रंथालय त्याने वहीत उतरवून आणलं होतं, आणि ते कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा.

आत्ताही त्याने सांगितलं.

“बारा वर्षांचा येशू, बुवा. वल्हांडणाच्या सणाला आईबापांबरोबर यरुशलेमला जातो. सण संपतो, घोळका परत निघतो, आणि हा मागे मंदिरातच राहतो. तीन दिवसांनी सापडतो. आता यावर कुणी म्हणतं, हे तीन दिवस म्हणजे पुढचे कबरेतले तीन दिवस. कुणी म्हणतं, मुलगा शास्त्र्यांना प्रश्न विचारत होता, म्हणजे शिष्याच्या जागी बसून तोच गुरू झाला. कुणी म्हणतं चूक आईबापांचीच, पोर बरोबर आहे असं समजून दिवसभर चालत राहिले. आपणही तसंच करतो, देव बरोबर आहे असं समजून चालतो...”

“बरं.”

“आणि माझा अर्थ असा, की घर सुटल्याशिवाय देवाचं घर सापडत नाही. सबंध पूर्वरंग त्यावरच लावलाय.”

“तुझा अर्थ,” बुवा म्हणाले.

“हो.”

आता हा अर्थ नुसता वहीत असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण कृपानंद तो जगत होता. चार वर्षांत तो घरी गेला नव्हता. आणि त्याची आई, रिबकाबाई, सकाळपासून ओसरीवर येऊन बसली होती.

दोन गाड्या बदलून आली होती. पावसाळ्यात नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू गेली, वाचा गेली. माणूस अंथरुणाला खिळला. बोलता येत नाही, पण फाट्यावर एस.टी. थांबल्याचा आवाज आला की दाराकडे बघतो. एवढंच तिने सकाळी लेकाला सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, “आठ दिस चल. नाताळापुरतं. मग ये माघारी.”

कृपानंदने तिला काय उत्तर दिलं, ते सांगायला हवं. तो म्हणाला, “आई, मी माझ्या पित्याच्या घरी आहे.”

 रिबकाबाई म्हणाल्या, “तुझा बाप तर तिकडं पडलाय.”

तेव्हा तो उठून आत आला होता. आईला काही समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं त्याचं मत. आईला कीर्तन कळत नव्हतं, देवाचं पाचारण कळत नव्हतं. पोराने सरळ पाळक व्हावं नाहीतर मिशनच्या शाळेत मास्तर, हे झांजा कुटत हिंडणं कशाला, असं ती पहिल्यापासून म्हणत आली होती.

बुवांनी सोललेले दाणे वाटीत ओतले.

“आख्यान अजून कुणाला सांगितलं नाहीस.”

“नाही. भागूआजी ऊसतोडीला गेलीय ना लेकीबरोबर.”

ही बुवांची एक तऱ्हा होती. नवं आख्यान वीणा घेऊन उभं राहायच्या आधी, खाली बसून, साध्या बोलीत, वाचता न येणाऱ्या माणसाला सांगायचं. ते माणूस जिथे अडेल तिथे आख्यान कच्चं. शेजारची भागूआजी चाळीस वर्षं हे काम करत होती. ती धनगराची, चर्चची पायरीही कधी चढली नव्हती, पण अख्खं शुभवर्तमान तिच्या कानांवरून गेलेलं. तिने “मंग?” म्हटलं की बुवा पुन्हा लिहायला बसत.

“तुझ्या आईला वाचता येतं?”

कृपानंदला पुढचं कळलं. “बुवा, तिला नको. भागूआजीची गोष्ट वेगळी.”

“येतं का?”

“...नाही.”

“बोलाव.”

रिबकाबाई आत आल्या. “सलाम, बुवा,” म्हणून भिंतीशी टेकून बसल्या, पिशवी मांडीवर. बुवा म्हणाले, “बाई, पोरगं एक गोष्ट सांगतंय. ऐका. अडलं तर विचारा. संकोच करू नका.”

“मला काय कळतंय त्यातलं, बुवा.”

“म्हणूनच.”

कृपानंद समोर बसला. हातात वीणा नसली की त्याला हातांचं काय करावं ते समजत नसे. त्याने सुरुवात केली, चांगली खड्या आवाजात.

“हळू,” बुवा म्हणाले. “त्या समोरच बसल्यात.”

त्याने आवाज उतरवला. सण सांगितला, घोळका सांगितला, परतीची वाट सांगितली. एक दिवसाची मजल झाल्यावर आईबापांच्या लक्षात आलं की मुलगा कुठेच नाही...

“दिवसभर कळलंच न्हाई?” रिबकाबाईंनी विचारलं.

“बरोबर नातेवाईक होते. त्यांच्यात असेल असं वाटलं त्यांना.”

“हां,” त्या म्हणाल्या. “वाटतं तसं. आमीबी चार महिने समजून होतो, तू नगरलाच शिकतोयस.”

बुवांचा हात घाट्यावर थांबला. सेमिनरी सोडताना पोराने घरी कळवलंच नव्हतं, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. त्यांनी कृपानंदकडे पाहिलं.  पुन्हा सोलू लागले.

 कृपानंद भरभर पुढे गेला. “तर ते माघारी यरुशलेमला आले, आणि तीन दिवसांनी तो त्यांना मंदिरात सापडला...”

“थांब जरा. तीन दिस पोरगं जेवलं कुठं?”

“ते लिहिलेलं नाही, आई.”

“आन झोपलं?”

“तेही नाही.”

“मग लिवलंय काय त्यात?”

“तेच सांगतोय ना.” कृपानंदला राग आला. बुवांकडे त्याने दाद मागितल्यासारखं पाहिलं. बुवांनी मान वर केली नाही.

मग त्याने मंदिर सांगितलं. इथे त्याचा जीव होता. शास्त्री कसे बसलेत, एकाची दाढी कशी, दुसऱ्याची शंका काय, बारा वर्षांच्या मुलाने कसा उलटा प्रश्न टाकला आणि पहिला शास्त्री गप्प, मग दुसरा गप्प... बेचाळीस ओव्यांचा ऐवज त्याने गद्यात ओतला. रिबकाबाईंनी हनुवटीला हात लावून सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्यांची नजर त्याच्या सदऱ्यावर गेली, तिथे एक गुंडी नव्हती.

“आणि मग त्याची आई त्याला बघते,” कृपानंद म्हणाला. “ती म्हणते, बाळा, तू आमच्याशी असं का वागलास? तुझा बाप आणि मी...”

इथे तो अडकला. हे वाक्य त्याने माळावर जाऊन पन्नास वेळा म्हटलं असेल. समोर आई बसलेली असताना म्हणायची ही पहिलीच वेळ. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा पुन्हा राग आला.

“...तुझा बाप आणि मी, जिवाला घोर लावून तुला शोधत होतो.”

रिबकाबाईंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले.

“आणि मुलगा उत्तर देतो.” आता त्याचा आवाज आपोआप चढला. ही त्याची हुकमी जागा. इथे झांजा वाजणार, लोक माना डोलावणार. “तुम्ही मला शोधलंत कशाला? माझ्या पित्याच्या घरात मी असायला हवं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?”

 बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

“संपलं?” रिबकाबाईंनी विचारलं.

“संपलं.”

त्यांनी थोडा विचार केला. “आन मग, तिला कळलं का ते?”

कृपानंदचा हात वहीकडे गेला.

त्या जागी एक ओळ आहे. शुभवर्तमानात आहे, आणि कृपानंदच्या वहीतही होती. त्याने तिच्यावर पेन्सिलीची काट मारली होती. मुलाने एवढं तेजस्वी उत्तर द्यायचं आणि त्याच्या पाठोपाठ ही ओळ यायची, म्हणजे चढवलेला सूर खाली पाडायचा. कुठल्याही कीर्तनकाराला हे परवडत नाही. त्यात खोटं काही नव्हतं, एक ओळ फक्त गाळली होती.

“कृपा,” आईने पुन्हा विचारलं, “तिला कळलं का?”

त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा घाटे सोलत होते.

गर्विष्ठ होता पोरगा, पण शास्त्रातलं विचारलं तर लबाडी करणारा नव्हता.

“नाही,” तो म्हणाला. “कळलं नाही. दोघांनाही कळलं नाही.”

“लिवलंय तसं?”

“लिहिलंय.”

रिबकाबाईंनी मोठा श्वास सोडला. “बरं झालं, बाबा. मला वाटलं, मलाच कळत न्हाई.”

कृपानंदने वही उघडून ते पान काढलं. 

“मग पोरगं राहिलं का तिथंच? देवळात?”

“...नाही.”

“मग?”

“त्यांच्याबरोबर घरी गेला. नासरेथला. त्यांच्या शब्दात राहिला.”

“त्यास्नी कळलं नसतानाबी?”

“हो.”

“किती दिस?”

हे मात्र वहीत नव्हतं. कृपानंदला मनातल्या मनात वजाबाकी करावी लागली. तिसाव्या वर्षी घराबाहेर पडला... तिसातून बारा.

“अठरा वर्षं,” तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा त्यालाच तो आकडा मोठा वाटला.

रिबकाबाईंनी मान हलवली. त्यांनी पिशवी उचलली, भिंतीला हात देऊन उठल्या. “साडेचारची गाडी हाय, बुवा. ही चुकली तर मग सकाळशिवाय न्हाई, आन त्यांच्यापाशी शेजारणीला बसवून आलेय.” लेकाकडे वळून म्हणाल्या, “गोष्ट चांगली सांगतोस. जपून ऱ्हा. गुंडी लावून घे तेवढी.”

चल असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. “सलाम, बुवा,” म्हणून पायऱ्या उतरल्या आणि फाट्याच्या दिशेने चालू लागल्या.

कृपानंद दारात उभा राहिला. आई हळू चालत होती. गुडघे दुखत असावेत. कधीपासून दुखतात ते त्याला माहीत नव्हतं. तो वळून बुवांकडे आला, पुन्हा दारात गेला.

“बुवा,” तो म्हणाला, “आख्यान... पास आहे का?”

“त्या अडल्या तिथे गाळलेलं तू सांगितलंस.”

“म्हणजे पास?”

बुवांनी उरलेले घाटे पुढ्यात ओढले.

आई वळणापाशी पोचली होती. आता धावलं तर गाठता आली असती, थोड्या वेळाने आली नसती.  घरी जावंसं कृपानंदला वाटत होतं, खरंच वाटत होतं, पण चार वर्षांची मेहनतही डोळ्यांपुढे होती. त्या रविवारी तो नसला तर बुवांचा दुसरा शिष्य, शेवगावचा रत्नाकर, उभा राहील, नाहीतर कुणीच नाही. मग कुठली वीणा आणि कुठलं काय.

“मी आत्ता गेलो,” तो म्हणाला, “तर आठ दिवसांत परत नाही यायचा. वडील तसे असताना नाहीच येता यायचं. तुमचा आवाज हा असा. चाळीस वर्षांत कधी चुकलं नाही, बुवा, आणि यंदा... रविवारचं कीर्तन बंद पडेल.”

बुवांनी शेवटचा घाटा सोलला. हात झटकले.

“तो नासरेथला निघून गेला,” ते म्हणाले, “तेव्हा मंदिर बंद पडलं का रे?”