राणीसाहेबांची वाटी

राणीसाहेबांची चांदीची वाटी घासूनपुसून लखलखीत होऊन परत आली, आणि आत काहीच नव्हतं! साखरेचा कणसुद्धा नाही!

निंबसर गावात शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करणं म्हणजे 'आजपासून तुमचा आमचा संबंध संपला' असं दारात उभं राहून ओरडण्यासारखं. राणीसाहेब रुसल्या, जेवल्या नाहीत, आणि राजे मानाजीराव भडकले. एरवीही त्यांना भडकायला फारसं निमित्त लागत नसे.

अपराधी होता आंतोन घड्याळजी. साता समुद्रापलीकडून आलेल्या या माणसाने दोन वर्षं खपून वेशीवर मोठं घड्याळ बसवलं होतं. त्या आनंदात राणीसाहेबांनी त्याच्या घरी वाटीभर बासुंदी धाडली. बिचाऱ्याने ती चाटूनपुसून खाल्ली आणि वाटी धुऊन परत केली.

"हे काय, आंतोन?" भर दरबारात राजे गरजले.

"महाराज, मी ग्रंथानुसार वागलो," असं म्हणत आंतोनने काखेतली जाडजूड पोथी पुढे केली.

पोथी दरबारातल्या धुंडिराजशास्त्र्यांनी लिहिलेली. परदेशातून येऊन निंबसरात राहणाऱ्याने रोजचा दिवस कसा काढावा, याचा उपदेश, पानं तीनशे. भाजी घेताना कोणत्या दिशेला तोंड करावं ते त्यात होतं; भाजी कुठे मिळते ते नव्हतं. आणि पान एकशे बारावर लिहिलं होतं, 'परक्याचे पात्र निर्मळ करून परत द्यावे.' शास्त्रीबुवांच्या घरी वाट्यांची देवघेव त्यांची बायको करी. बुवा फक्त आलेलं खात.

"चूक झाली, महाराज. आता भरून आणतो!" आंतोन म्हणाला.

"भरून? राजाची वाटी तू भरणार? आम्ही काय माधुकरी मागत हिंडतो?"

"मग अर्धी भरून?"

"अर्धी? हा कद्रूपणा आमच्याशी? ही घे वाटी! उद्या तुझ्या घड्याळात दुपारचे बारा वाजायच्या आत परत आण. रिकामी चालणार नाही, भरलेली चालणार नाही, अर्धीमुर्धी तर मुळीच नाही! जमलं नाही तर घड्याळ वेशीवर आणि तू वेशीबाहेर!"

दरबार 'वाहवा' म्हणाला. दरबाराला पगारच त्याचा होता. मला मात्र त्या आंतोनची फार दया येते.

संध्याकाळी बयजा गवळण दूध घालायला आली, तर आंतोन पेटी भरत बसलेला, डोळे लालबुंद.

"काय वो सायेब, कुठं निघाला?"

"गवळणबाई, मी अत्यंत खिन्न आहे," आंतोन म्हणाला. त्याचं मराठी पोथीतलं होतं. "मज या नगराचा लळा लागला आहे. आणि उद्या मज येथून घालवून देणार!"

त्याने सगळी हकिगत सांगितली. बयजाने पोथी हातात घेऊन तिचं वजन पाहिलं.

"चुलीला बरी हाय! अवं, रोज दारात येते मी, मला इचारायचं न्हाई? वाटी आली की घरात असंल ते घालून द्यायचं. चार लिंबं, मूठभर शेंगदाणं. काईच नसलं तर साखरंची चिमूट. एवढ्याला तीनशे पानं?"

"परंतु आता रिकामी नको, भरलेली नको, अर्धीही नको!"

बयजाने चरवी खाली ठेवली, क्षणभर तिच्यातल्या दुधाकडे बघत राहिली आणि एकदम हसली.

"पेटी सोडा, सायेब. वाटी माझ्याकडं द्या, आन् उद्या माझ्यामागं दरबारात या. तितं चकार शब्द काढू नका. तुमचं मराठी ऐकलं की मला झोप येती!"

दुसऱ्या दिवशी बाराला थोडा अवकाश असताना बयजाने राजांपुढे वाटीवरचं फडकं काढलं. शास्त्रीबुवांनी आधी डोकावलं.

"शिव शिव! महाराज, वाटी खरकटी! तळाला काहीतरी पांढरं चिकटलंय!"

"बुवा, तुमी मागं सरा. सरकार, बोट लावून चाखा."

राजांनी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "आंबट! हे तर विरजण!"

"चमचाभर. मग वाटी रिकामी हाय का?"

"नाही."

"भरलेली?"

"छे!"

"अर्धी?"

"चमचाभराला अर्धी कोण म्हणेल?"

"मग आज सांजंला सरकारांनी आपल्याच गाईचं कोमट दूध आपल्याच हातानं ह्यात वतायचं. सकाळी वाटी काठोकाठ दही! भरली कुणी? सरकारांनी! माधुकरी कशाची?"

पण हट्ट सोडतील तर ते मानाजीराव कसले! "पण विरजण दुसऱ्याचंच ना? राजाने काय शेजाऱ्यांकडून विरजण घ्यायचं?"

"घ्यायचं म्हंजे? गेल्या आवसंला मांजरानं वाड्यावरचं दह्याचं मडकं सांडलं, तवा तुमचा आचारी वाटी घिऊन कुणाच्या दारात आलता? सरकार, तवापासनं तुमी माझ्याच विरजणाचं दही खाताय! मी बोलले का गावात कुणाला?"

आता गावात बोलायची गरजच उरली नव्हती. पहिलं हसू फुटलं ते पडद्याआड, राणीसाहेबांना. मग राजेही खो खो हसत सुटले, आणि तेवढ्यात वेशीवर बाराचे ठोके पडले.

"आंतोन इथेच राहील!" राजे म्हणाले. "शास्त्रीबुवा, पोथी मिटा! महिनाभर गावातल्या वाट्या घरोघर तुम्ही पोचवायच्या. आणि बयजा, यापुढे परदेशातून जो येईल, तो पहिला सल्ला तुझा घेईल. ही वाटी तुला बक्षीस!"

राणीसाहेबांनी विरजण काढून घेतलं, वाटी धुऊन पुसून बाहेर आली. राजांनी ती मोठ्या दिमाखात बयजाच्या हातावर ठेवली.

बयजाने वाटीत वाकून पाहिलं. मग वाटी उलटी करून पाहिली.

"सरकार, रिकामीच?"

राजे इतके हसले की पगडी कलंडली! हसता हसताच त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि वाटीत घातला. वाटीला शीग लागली.