पाठमोरी सभा

एकदा एका विस्तीर्ण जलाशयाच्या काठी वसलेल्या महाविद्यालयात श्रीरंग नावाचा विद्यार्थी शिकत होता. पहिल्या वर्षी व्यासपीठावर उभं राहून बोलायची त्याला भीती वाटे. मग तो नेतृत्व आणि वक्तृत्वाच्या वर्गात दाखल झाला. एक वयोवृद्ध प्राध्यापक निवृत्तीनंतर तो वर्ग चालवीत. सगळे त्यांना आचार्य म्हणत. वर्षभरात श्रीरंगची भीती गेली, वाणीला धार आली. टाळ्या मिळू लागल्या, आणि हळूहळू त्याला टाळ्यांखेरीज दुसरं काही ऐकूच येईनासं झालं.

पुढच्या वर्षी तो विद्यार्थी प्रतिनिधी झाला. वार्षिक सभेत प्राचार्यांसमोर सर्वांच्या वतीने तोच बोलणार होता. आदल्या दुपारी सरावासाठी तो सभागृहात शिरला आणि थबकला. सगळ्या खुर्च्या व्यासपीठाकडे पाठ करून मांडलेल्या. मुलं-मुली खिडक्यांतून बाहेरचं पाणी पाहत स्वस्थ बसली होती.

"बोल," दाराशी उभे असलेले आचार्य म्हणाले.

"यांच्या पाठीकडे बघून बोलू?"

"हो."

तो बोलू लागला. युवाशक्ती, उज्ज्वल भविष्य, एकाहून एक सुरेख उपमा. कुणाचीही मान वळली नाही. पाण्यावर ऊन हेलकावत होतं आणि त्याचा एकेक शब्द तिथवर जाऊन विरघळत होता. अर्ध्यावरच तो थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"आचार्य, माझा अपमानच करायचा होता, तर तसं सांगायचं होतंत."

"नाही रे बाळा," आचार्य हळुवारपणे म्हणाले. "लोकांना आपल्याकडे बघायला कसं लावावं, हे तू शिकलास. तेही शिकायलाच हवं होतं. पण माणसांचे डोळे आधीच कशाकडे तरी लागलेले असतात. त्यांच्या शेजारी जाऊन बस. त्यांना जे दिसतंय ते तुला दिसलं, तरच त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुला."

श्रीरंग खाली उतरला. कडेच्या खुर्चीवर वनमाला होती, जलाशयापलीकडच्या गावातून रोज येणारी मुलगी. तो तिच्या शेजारी बसला.

"काय बघतेस?"

"पलीकडचा धक्का. शेवटची लाँच पाचला सुटते, आणि प्रॅक्टिकल चालतं सहापर्यंत. तिकडच्या आम्हा मुलींना मधूनच उठावं लागतं. आता हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेला बसू देणार नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नेहमी वर उभा असायचास," ती साधेपणाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगने तयार भाषण बाजूला ठेवलं. तो लाँचविषयी बोलला. सवयीचे शब्द सोडल्यामुळे दोनदा अडखळला, मग म्हणाला, "पुढचं वनमालानेच सांगावं."

ती वर आली. पदराशी खेळावं तशी ओढणी बोटांत गुंडाळत म्हणाली, "आम्हाला सवलत नको, सर. प्रॅक्टिकल सकाळी घ्या. पहाटेची लाँच आम्ही चुकवणार नाही."

प्राचार्यांनी तिचं म्हणणं टिपून घेतलं. मग म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं. सोमवारपासून सकाळी घेऊ. राहिलेली प्रॅक्टिकलंही भरून काढू. परीक्षेला तुम्ही बसाल."

रविवारी श्रीरंग प्रथमच लाँचमध्ये बसून पलीकडे निघाला. धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळेना. मागचा काठ पुसट होत होत नाहीसा झाला. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कुणाकडं निघालास, लेकरा?"

"ठरवून असं कुणाकडे नाही, आजी. ऐकायला निघालोय."

आजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, टोपली पायाशी सरकवली आणि त्या बोलू लागल्या.