खुशालीचं लुगडं

एका खोलगट खोऱ्यात एक गाव होतं, आणि त्या गावात माणसांपेक्षा गाड्यांचाच तोरा मोठा होता. कोळशावर धडधडत जाणाऱ्या, काळा धूर सोडणाऱ्या त्या गाड्यांवरच गावाचं पोट चाले. गाडीवानांचे एक पुढारी होते. आवाज खणखणीत, मिशा भरघोस, आणि एकदा नाही म्हटलं की साक्षात ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायचे नाहीत. लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणत.

आप्पांची एकुलती एक लेक सगुणा समोरच्या डोंगरावरच्या गावात दिली होती. डोंगर नाकासमोर, पण वाट लांबची, नदीला वळसा घालून जाणारी. तिकडचं माणूस इकडे क्वचितच फिरके. म्हणून त्या मुलखात एक रीत पडली होती. सासरी गेलेली लेक घराच्या माळवदावर उंच काठीला लुगडं बांधी. तांबडं लुगडं म्हणजे मी खुशाल आहे. पिवळं म्हणजे माहेरची आठवण येते, न्यायला या. पिवळं दिसलं की बाप नाहीतर भाऊ मुराळी होऊन निघे. पिवळं नसताना कोणी गेलं, तर लेकीला आम्ही नीट नांदवत नाही की काय, असं म्हणून सासरचे रुसत. आणि मुराळी आल्याशिवाय लेकीनं निघायचं नाही. रीत मोठी गोड होती आणि तितकीच हट्टीही होती.

आप्पा रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या टेकाडावर चढून समोर बघत. आधी तांबडं लुगडं लख्ख दिसे. मग गाड्या वाढल्या. डोंगर राखाडी झाला, पुसट झाला, आणि एक दिवस दिसेनासाच झाला. आप्पांनी ठरवून टाकलं की आपले डोळे अधू झाले. वैद्याकडून अंजन आणलं, पापण्यांना लोणी चोळलं. धुराचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. घेणार कसं? धूर त्यांच्याच गाड्यांचा होता!

घरी बायको अंथरुणाला खिळलेली. आप्पा उंबऱ्यात आले की तिचा एकच प्रश्न असे.

"दिसलं का हो?"

"दिसलं. तांबडंच आहे."

"म्हणजे सुखात आहे पोर," ती म्हणे, आणि भिंतीकडे तोंड करून पडे. लेक सुखात आहे याचा आनंद, आणि सुखात आहे म्हणून येत नाही याचं दुःख, दोन्ही त्या माउलीच्या पोटात एकाच जागी राहत. आप्पांना मग जेवण गोड लागत नसे. अशीच कितीतरी वर्षं गेली.

एके दिवशी राजवाड्यातून दवंडी आली. राजाच्या कारागिरांनी उन्हाच्या बळावर चालणारी, बिनधुराची गाडी बनवली होती. आता पाडव्यापासून कोळशाची गाडी बंद! नवी गाडी कोण देणार, मोडली तर कोण दुरुस्त करणार, पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं, यातलं काहीच दवंडीत नव्हतं. राजानं गाडीवानांना विचारलंच नव्हतं.

आप्पा चौथऱ्यावर चढले. "गाडीचा धूर थांबला, तर चुलीचाही थांबेल! हुकूम मागं घेईपर्यंत एक चाक हलणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या गाड्या बाजाराच्या मैदानात उभ्या राहिल्या. कोळसा विझला. दिवसांमागून दिवस गेले. राजधानीत माल पोहोचेना, तसा राजा नरमला.

या धामधुमीत आप्पांची टेकाडावरची फेरी चुकली होती; त्या संध्याकाळी जुन्या सवयीनं ते वर गेले आणि जागच्या जागी थबकले. समोर डोंगर होता. त्याच्यावरची झाडं वेगळी वेगळी मोजावीत इतका स्वच्छ. आप्पांनी डोळे चोळले. ओळीतलं शेवटचं घर सगुणाचं. तिथल्या काठीला लुगडं होतं, पण तांबडं नव्हतं. पिवळं होतं, उन्हापावसानं विटून पार फिकुटलेलं. ते आज बांधलेलं नव्हतं. आप्पा लहान मुलासारखे रडले.

तेवढ्यात खालून एक गाडीवान धापा टाकत आला. "आप्पा, जिंकलो! प्रधानजी आलेत, हुकूम फाडणार म्हणतात. चला लवकर!"

खाली लोकांनी आनंदानं गाड्या पेटवायलाही सुरुवात केली होती. मैदानातून धूर उठला, वर आला, आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत ते पिवळं लुगडं गिळून गेला. आप्पा धावतच खाली आले.

"प्रधानजी, हुकूम फाडू नका."

गर्दीत एकच गिल्ला उठला. "फितूर झाला! विकला गेला!"

आप्पा पुन्हा चौथऱ्यावर चढले. "फाडू नका, आमच्याबरोबर बसून पुन्हा लिहा. जुनी गाडी घ्या, नवी द्या. दुरुस्तीचा कारखाना इथं गावात काढा. आम्हाला शिकायला सवड द्या. एवढं करा, पहिली गाडी मी माझी देतो." मग ते गर्दीकडे वळले. "गड्यांनो, माझे डोळे चांगले आहेत रे. कधीच गेले नव्हते. तुमच्याही लेकी-बहिणी तिकडंच दिल्यात ना? कोळसा विझवा, आणि एकदा वर येऊन बघा."

काही जण शिव्या घालत निघून गेले. बाकीच्यांनी कुरकुरत कोळसा विझवला आणि ते टेकाडावर चढले. धूर हळूहळू विरला. मग एक म्हातारी ओरडली, "अगं बया, आमच्या गंगूचंपण पिवळंच की!" आणि चढले होते त्याहून दुप्पट वेगानं लोक खाली उतरले.

प्रधानजी मुक्कामाला राहिले, आणि हुकूम गाडीवानांबरोबर बसून पुन्हा लिहिला गेला. आप्पा मात्र तिथं थांबले नाहीत. ते मुराळी होऊन निघाले होते.

सगुणानं दार उघडलं. तिच्या केसांत रुपेरी बटा आल्या होत्या. "उशीर केलात आप्पा," एवढंच ती म्हणाली. वाटेत आप्पांनी तिला सगळं सांगितलं, धुराचं आणि रोजच्या खोट्याचंही. ती ऐकत चालत राहिली.

घरी आल्यावर आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "आलीस बाई! तुझं तांबडं लुगडं रोज दिसायचं म्हणून जीव धरून होते बघ. मनात यायचं, एकदा तरी पिवळं बांध गं. पण तू सुखात होतीस ना?"

सगुणानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली.

"होय आई," सगुणा म्हणाली, "तांबडंच होतं."

आणि तिनं आईच्या कुशीत डोकं खुपसलं.

तात्पर्य: आपलं माणूस दिसेनासं झालं, तर डोळ्यांना दोष देण्याआधी मधला धूर कोणाचा आहे ते बघावं, आणि तो आपलाच असेल, तर जिंकलेलं भांडणही सोडून द्यावं.