दोन बोटं लाल

छापखाने नव्हते तेव्हाची गोष्ट. गोंदाजी चितारी राजाचे नकाशे हातानं रंगवायचा. ज्या मुलखावर दोन राजे हक्क सांगत, तो कोरा ठेवायचा, ही त्याच्या घराण्याची रीत.

एकदा प्रधान आला. नकाशातल्या कोऱ्या खोऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "उद्या दरबारात हे आपल्या लाल रंगात दिसलं पाहिजे. नाहीतर तुझे हात राहणार नाहीत."

तो जाताच कुंचला ताठरला. "मालक, हे खोटं आहे. तुमचा भाऊ फौजेत आहे, विसरू नका."

वाटीतला लाल रंग फिस्कारला, "दोन बोटं कागद तर आहे! त्यानं कुणाचं काय बिघडणार?"

गोंदाजीनं खोरं लाल केलं.

दरबारात नकाशा पाहून राजा गरजला, "आपल्या मुलखात शेजाऱ्यांची ठाणी कशी?" त्याच दुपारी फौज निघाली.

आठव्या दिवशी भावाचा घोडा एकटाच अंगणात येऊन उभा राहिला. गोंदाजी धावत बाहेर आला; खोगीर रिकामं होतं.

लाल रंगानं खिडकीतून विचारलं, "झालं का रे खोरं माझ्यासारखं?"

"झालं," घोडा म्हणाला. "पण ते दोन बोटं नव्हतं."