काशीबाईची फॅट आणि तीन यंत्रं

एका गावात एक भोळा माणूस होता. गावात भोळे पुष्कळ होते, पण कॉम्प्युटरवर कोड लिहिणारा भोळा हा एकच. नाव भागोजी.

गावात बायकांची दूध डेअरी होती. दुधाचा भाव फॅटवर, आणि फॅट डेअरीचा सचिव नुसतं कॅनमध्ये डोकावून ठरवायचा. काशीबाईच्या म्हशीचं दूध चांगलं दाट, तरी तिला कायम कमीच फॅट लागायची. "एकदा माझी खरी फॅट कागदावर बघू द्या," एवढंच तिचं मागणं.

शेवटी तीन वाड्यांसाठी फॅट मोजणारी तीन यंत्रं आली. तिन्ही वेगवेगळ्या जातीची. डेअरीच्या इंजिनियर मंदाताईंनी सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, फॅट काढणाऱ्या कोडचा गठ्ठा. तोच गठ्ठा तिन्ही यंत्रांसाठी कंपाइल करायचं, म्हणजे त्या त्या यंत्राला कळेल अशा रूपात आणायचं काम भागोजीकडे आलं. सोमवारी उद्घाटन होतं.

"भागोजी, आधी प्रत्येक यंत्राला विचार, तुझ्याकडं काय काय आहे. मग त्याप्रमाणं कॉन्फिगर कर, म्हणजे कोड त्याला जुळवून घे," ताई म्हणाल्या.

"व्हय ताई."

भागोजी यंत्रापुढे मांडी घालून बसला. "घड्याळ हाय का?" यंत्र गप्प. "छपाई हाय का?" गप्प. त्याने "अहो" लावून विचारलं. तरी गप्प.

"अरे, तोंडानं नव्हे!" ताई म्हणाल्या. "छोटे प्रोग्राम पाठवून विचार. उत्तर आलं नाही, तर ती वस्तू नाही असं समज. ती वगळ आणि पुढं चल."

भागोजीने प्रोग्राम पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. घड्याळ नाही, छपाई नाही, दूध ओढायची नळीसुद्धा नाही. भागोजी वगळत गेला. उरलेलं कोड डोळ्याचं पातं लवायच्या आत कंपाइल झालं, कारण उरलं काहीच नव्हतं.

"ताई, एक पण चूक न्हाई!"

"यंत्रं चालू केली होतीस का?"

"ते तुम्ही कुठं सांगितलंत?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "चालू करून विचार. आणि एखाद्याकडं काही नसलं, तर ते आपण आपलं द्यायचं."

पहिल्या यंत्रात घड्याळ नव्हतं. भागोजीने सासऱ्यांनी लग्नात दिलेलं मनगटी घड्याळ काढून यंत्राला बांधलं. जिवावर आलं, पण ताईंचा शब्द. दुसऱ्यात छपाई नव्हती. त्याच्यापुढे वही-पेन ठेवलं आणि वाट बघत बसला.

रविवारी ताईंनी स्वतःच बसून घड्याळाची आणि छपाईची उणीव भरून काढणारं कोड लिहिलं. तिन्हीकडे कंपाइल केलं. सोमवारी ताई उद्घाटनाच्या पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर निघाल्या.

"आता नुसतं तपासायचं. तिन्ही यंत्रांवर एकच उत्तर आलं पाहिजे. वेगळं आलं तर तसंच पुढं जायचं नाही. कारण शोधायचं आणि ते दूर करायचं."

"एवढं तर येतंय मला!"

तिन्ही यंत्रं एका टेबलावर मांडली होती. चाळीस बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या होत्या. पहिली काशीबाई. तिचं दूध पहिल्या यंत्रात घातलं: सात! काशीबाईचे डोळे भरून आले. तिने चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

"थांबा मावशी," भागोजी म्हणाला.

सुमनचं गाईचं दूध दुसऱ्या यंत्रात घातलं: साडेतीन. रंगूआक्काचं निळसर दूध तिसऱ्यात: दीड.

"उत्तरं वेगळी!" भागोजीने चिठ्ठ्या टराटरा फाडल्या. डोकं खाजवलं. खूप विचार केला, आणि कारण सापडलं. दूधच वेगवेगळं होतं!

मग काय! त्याने मोठी टाकी पुढे ओढली. चाळीसच्या चाळीस कॅन तिच्यात रिकामे केले, वर फावड्याच्या दांड्याने दूध ढवळलं. पुन्हा तिन्ही यंत्रांत दूध घातलं. चार. चार. चार.

तेवढ्यात ताई पाहुण्यांना घेऊन दारात आल्या. भागोजी टेबलाभोवती नाचत होता. "जमलं ताई! तिन्हीकडं एकच उत्तर!" आणि त्याने चार फॅटच्या चाळीस चिठ्ठ्या छापून वाटल्यासुद्धा.

काशीबाई रिकाम्या कॅनवर मटकन बसली. सगळ्या डेअरीत बोलली ती एकटी रंगूआक्का. तिने चिठ्ठी कपाळाला लावली आणि आनंदाच्या भरात ओरडली,

"अगं बाई गं! माझ्या आडाच्या पाण्याला चार फॅट लागली!"