खापरी नळांचा करार

पूर्वी शालिवती नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथे एका अमात्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव क्षेमंकर. बोलणे थोडे आणि पायपीट पुष्कळ, अशी त्याची ख्याती होती.

राज्याच्या पूर्वेकडच्या खोऱ्यात पाण्याचे फार हाल होत. म्हणून राजाने तिथे तीन कामे एकदम काढली. डोंगरात ताम्रा नदीवर बंधारा, त्याखालच्या खडकाळ खिंडीतून पाणी नेणारी खापरी नळांची वाट, आणि सपाटीवर गावांसाठी मोठा तलाव. तिन्ही कामांवर तीन अधिकारी नेमले. प्रत्येकाला आपलेच काम आधी उरकायचे होते. एकाच रानातले लाकूड तिघांनी सांगून ठेवले. एकाने ठरवलेल्या बैलगाड्या दुसरा वाटेतूनच वळवून नेई. तलावाची खोदाई निम्मीही झाली नव्हती, तरी तिथे चुनकळीचे ढीग येऊन पडले आणि ओल लागून फुकट गेले. वर बंधाऱ्यावर मात्र गवंडी चुन्यावाचून बसून होते. वर्ष सरले, आणि खोऱ्यात एक ओंजळ पाणी आले नाही.

तेव्हा राजाने तिन्ही कामांची सगळी खरेदी आणि सगळे करारमदार क्षेमंकराच्या हाती सोपवले.

क्षेमंकर नगरात बसला नाही. तिन्ही अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन तो महिनाभर खोरे वरून खाली चालला. मग त्याने खिंडीच्या तोंडाशी एक छप्पर उभारले, जमिनीवर वाळू पसरून त्यात अख्खे खोरे रेखले, आणि प्रत्येकाला विचारले की तुला काय हवे आणि कोणत्या महिन्यात हवे. जितक्या गाड्या, तितके चिंचोके त्या त्या जागी, महिन्यांच्या क्रमाने ठेवले गेले. तलावाचा अधिकारी देवल मोठा हट्टी माणूस होता. आपले चिंचोके बंधाऱ्याच्याही आधीच्या महिन्यांत मांडलेले पाहून त्याने ते स्वतःच्या हाताने मागे सरकवले. ज्या तलावात पाणी यायला दोन वर्षे होती, त्याच्या घाटासाठी त्याने सगळ्यांच्या गाड्या अडवून ठेवल्या होत्या.

पुढे सगळी मागणी एकाच जागेवरून होऊ लागली. करार गावकऱ्यांसमोर त्यांच्याच बोलीत वाचून दाखवला जाई. त्याची दोन ताडपत्रे होत. एक राजाकडे राही, दुसरे माल देणाऱ्याकडे. क्षेमंकराने त्यात एक नवे कलम घातले. ठरलेल्या गोष्टीत जो बदल करील, त्या बदलाची जोखीम त्याच्यावर. एक जुने कलम मात्र त्याने तसेच राहू दिले. करार मोडणाऱ्याने बारा वर्षे राजाची वेठ करावी, असे ते होते. राजाच्या आजोबांपासून ते चालत आले होते, आणि त्याला हात लावावा असे त्याला तेव्हा वाटले नाही.

नळांसाठी नगरातला पुष्कर श्रेष्ठी पुढे आला. सगळे नळ मी एकटाच देतो, तेही सर्वांहून स्वस्त, असे तो म्हणाला, आणि जाता जाता अमात्याला एक गाव भेट देण्याची गोष्ट त्याने काढली. क्षेमंकराने त्याच्याकडचा एक नळ मागून घेतला, तोंडे बंद करून पाण्याने भरला आणि दिवसभर तसाच ठेवला. संध्याकाळी नळ बाहेरून घामेजला होता. लाकूड वाचवण्यासाठी तो अर्धाच भाजला होता. मग हा करार वेळूगावच्या चाळीस कुंभार घरांना मिळाला. त्यांची मुखीण रोहिणिका नावाची विधवा होती. तिच्या आव्यात भाजलेला नळ तीन दिवस भरून ठेवला, तरी बाहेरून कोरडा राहिला.

दुसऱ्या वर्षी बंधारा पुरा होत आला. नळ भाजून रचून ठेवले होते. अशात एके दुपारी डोंगरात अवकाळी ढग फुटले. ताम्रेला लोंढा आला, आणि नदीकाठचे सगळे आवे, लाकडाच्या राशी आणि तीन हजार नळ तासाभरात वाहून गेले.

पावसाळ्याला चार महिने उरले होते. तोवर नळ बसवून त्यांच्यासाठी बंधाऱ्यात ठेवलेले खिंडार बुजवले नाही, तर अडलेले पाणी खिंडीच्या बाजूने फुटून खालच्या सात वाड्या बुडवणार होते. राजाने सभा बोलावली. पुष्कर श्रेष्ठी तिथे हजर होता. माझे नळ तयार आहेत, ते घ्या आणि करार मोडणाऱ्यांना वेठीला लावा, असे तो म्हणाला. बरेच सभासद होकारार्थी माना डोलावू लागले.

तेवढ्यात रोहिणिका सभेत आली. तिच्यामागे चाळीस घरांची माणसे होती. कोणी त्यांना धरून आणले नव्हते. तिने आपले ताडपत्र राजासमोर ठेवले.

"मुदतीला महिना आहे, महाराज," ती म्हणाली. "पण नळ होणार नाहीत, हे आम्हाला आजच दिसतंय. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही, म्हणून आधीच आलो. वेठ सांगा. फक्त अंगावरच्या पोरांना आयांपासून तोडू नका."

 रोहिणिकेने एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि सभासदांपैकी ती फक्त क्षेमंकराला ठाऊक होती. तो गप्प राहिला असता, तर त्याचे नाव निष्कलंक राहिले असते. तो उठून उभा राहिला.

"महाराज, यांचे आवे गावामागच्या टेकाडावर होते. गाड्यांचा फेरा वाचावा म्हणून ते नदीकाठी आणा, असे मी सांगितले. या बाईने पुराची भीती बोलून दाखवली होती. मी ती ऐकली नाही. बदल माझा आहे, तेव्हा जोखीम माझी. बारा वर्षांची वेठ माझ्याकडे येते."

 राजाने विचारले, "आणि नळ?"

"नळ होतील," क्षेमंकर म्हणाला. "तिन्ही कामे एका हाती आहेत, म्हणून होतील."

त्याच दिवशी त्याने अमात्याचे उपरणे उतरवून ठेवले आणि तो वेठकरी म्हणून खिंडीत गेला. कामांची सूत्रे मात्र राजाने त्याच्याकडेच राहू दिली. देवलाच्या तलावाशी चुन्याच्या बारा भट्ट्या होत्या आणि त्यांना पुढच्या वर्षापर्यंत काम नव्हते. क्षेमंकर त्या मागायला गेला, तेव्हा देवलाने त्याच्या पायांवरचा चिखल पाहिला आणि आपल्या माणसांना भट्ट्या रिकाम्या करायला सांगितले. घाटाच्या दगडांना लावलेल्या गाड्याही त्याने आपणहून दिल्या. आता अडले ते लाकूड. क्षेमंकर पुष्कराच्या दारी गेला. नळ भाजताना वाचवलेल्या लाकडाच्या राशी श्रेष्ठीच्या वखारीत पडून होत्या. क्षेमंकराने मागचा शब्दही काढला नाही. इतरांशी केला होता तसाच करार त्याने वाचून दाखवला. आपल्याला लुबाडायला किंवा हिणवायला हा आला असेल, असे श्रेष्ठीला वाटले होते. करार पुन्हा एकदा वाचायला सांगून त्याने मुद्रा उमटवली, आणि एकही गाडी उशिरा आली नाही.

सकाळी क्षेमंकर कुंभारांबरोबर माती तुडवी आणि दुपारी वाळूतल्या खोऱ्यापुढे बसून तिन्ही कामांच्या गाड्या लावी. रोहिणिका भट्टीचा जाळ स्वतः पाहत असे, आणि कमी भाजलेला नळ दिसला की तिथेच फोडून टाकी. पावसाळ्याला अकरा दिवस असताना शेवटचा नळ खिंडीत बसला.

पावसाळा सरला तेव्हा बंधारा काठोकाठ भरला होता आणि सातही वाड्या कोरड्या होत्या. राजा तलावावर आला. सगळे खोरे तिथे लोटले होते. वर बंधाऱ्याचे दार उघडल्याची तुतारी ऐकू आली. लोक श्वास रोखून नळाच्या तोंडाकडे पाहत राहिले. आधी आतून गार वारा आला, मग घुमल्यासारखा आवाज झाला, आणि माणसाच्या कमरेइतक्या जाड धारेने पाणी तलावात कोसळले. म्हाताऱ्या बाया वाकून ते डोळ्यांना लावू लागल्या. देवल सर्वांदेखत रडला.

राजाने क्षेमंकराला जवळ बोलावले. तुला मोकळे करतो, असे तो म्हणाला. क्षेमंकराने हात जोडले. एकट्याची सुटका मला नको, हे कलम मीच राहू दिले होते आणि त्याखाली कितीतरी लोक अजून राबताहेत, असे त्याने सांगितले. राजाने रोहिणिकेकडे पाहिले, तिच्यामागे उभ्या चाळीस घरांकडे पाहिले.

"आजपासून माझ्या राज्यातल्या कोणत्याही करारात माणूस तारण राहणार नाही," तो म्हणाला.

त्या महिन्यात साऱ्या राज्यातले वेठकरी नावे पुकारून सोडले गेले. क्षेमंकराने आपले नाव सर्वांच्या शेवटी घालायला लावले.

एवढे भिक्षूंना सांगून बुद्धपदाला पोचलेल्या शास्त्याने तेव्हाच्या आणि आताच्या माणसांचा मेळ घालून दिला. भद्रसेन राजा म्हणजे आजचा आनंद. देवल अधिकारी म्हणजे मोग्गल्लान. रोहिणिका म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. आणि क्षेमंकर अमात्य म्हणजे मी स्वतः, असे तो म्हणाला. पुष्कर श्रेष्ठी आज कोण आहे, असे एका भिक्षूने विचारले, तेव्हा शास्ता म्हणाला, "त्याने लाकूड वेळेवर दिले, तेवढे ध्यानात ठेवा."

स्वतःची चूक भर सभेत स्वतःच्या तोंडाने सांगणे आणि तिचा भार स्वतः उचलणे, ही त्या जन्मीची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता होय.